मागीलदारची खोली

"अजून वायच वर व्हा," खालून सत्यवान म्हणाला.

मी वर झालो. म्हणजे होतो तिथेच, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर, चवड्यांवर उभा राहिलो. एका हातात अँटेनाचा दांडा, दुसऱ्या हाताची डोळ्यांवर सावली, आणि वय वर्षं साठ. दोन माडांच्या मधून रुमालाएवढा निळा तुकडा दिसला.

"दिसलो मा?"

दिसला होता. पण वारा आला आणि तो तुकडा फडफडला. समुद्र फडफडत नाही एवढं मला ठाण्यात राहूनसुद्धा ठाऊक होतं. ती पलीकडच्या शेडवरची ताडपत्री होती. गच्चीवर पदर सावरत उभी असलेली माझी बायको कुमुद म्हणाली, "उतरा आता. हाड मोडलं तर ते ठाण्याच्या दराने बसवावं लागेल."

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी एकच हट्ट धरला होता. उरलेलं आयुष्य समुद्र दिसेल अशा घरात काढायचं. पडवीत खुर्ची टाकायची, पाय पसरायचे आणि बघत बसायचं. त्यासाठी ठाण्याचा फ्लॅट विकायला काढला होता आणि मालवणजवळच्या शिरवंडे गावात सत्यवान परुळेकर या एजंटाच्या मागून मोटारसायकलच्या धुरळ्यात हिंडत होतो. सत्यवान हे नाव त्याच्या आईवडिलांनी काय बघून ठेवलं होतं देव जाणे.

त्या गावात जमिनीचा भाव गुंठ्यावर नव्हता, दिसण्यावर होता. सत्यवानाने पहिल्याच दिवशी मला शिकवणी दिली. लाटेचं पाणी कुंपणाला लागलं तर 'सी टच'. खिडकीतून दिसला तर 'सी व्ह्यू'. दिसत नाही पण गाज ऐकू येते, तर 'सी साउंड'. आणि दिसतही नाही, ऐकूही येत नाही, पण दाराच्या कड्या गंजतात, तर 'सी ब्रीझ'. आमच्या पैशात कड्या गंजणारं घर बसत होतं. त्यातून आम्ही विचार करायला म्हणून ठाण्याला जाऊन यावं आणि तेवढ्यात भावाने एक पायरी चढावी. कधी विमानतळ होणार म्हणून, कधी रस्ता चौपदरी होणार म्हणून, आणि एकदा तर कोणी सिनेमावाला बीचवर भजी खाऊन गेला म्हणून.

मौज अशी की पूर्वी त्या गावात वाटण्या होत तेव्हा ज्या भावाशी वाकडं असेल त्याला समुद्राकडची रेताड जमीन देत. माड सोडला तर काही उगवत नसे. आता त्या नावडत्या भावांची नातवंडं चारचाकीतून फिरत होती आणि भातशेती मिळालेले लाडके भाऊ चहाच्या टपरीवर बसून आजोबांच्या नावाने बोटं मोडत होते.

नवीन बांधलेलं परवडेना, तेव्हा सत्यवानाने आम्हाला 'रिसेल' दाखवायला सुरुवात केली. आमच्यासारखेच कोणी निवृत्त होऊन आलेले, हौसेने बांधलेले, आणि आता विकून चाललेले. पहिलं घर पुण्याच्या एका प्राध्यापकांचं. व्हरांडा असा की जहाजावर उभं असल्यासारखं वाटावं. ते किमतीबद्दल एक अक्षर बोलेनात, पण आम्हाला चहा तीनदा विचारला आणि तीनदा पाजला. दुसरं दादरच्या एका बाईंचं. त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडून दाखवले, रिकामे. तिसऱ्या घरातले गृहस्थ आम्ही निघालो तर फाटकापर्यंत आले, मग रस्त्यापर्यंत आले, आणि सत्यवानाने गाडीला किक मारली तरी माझा हात सोडेनात. मी प्रत्येक घरात नळ उघडून पाण्याचा जोर बघत होतो, भिंतीवर टकटक करून ओल बघत होतो. कुमुद त्या माणसांशी बोलत बसायची.

"अशी बरी घरं विकतात का लोक?" मी सत्यवानाला विचारलं.

तो धंद्यातलं गुपित सांगावं तसा म्हणाला, "जोडीन येतत. एक जाता. मगे दुसऱ्याक गमणा नाय. बरी घरां तेवाच बाजारात येतत, टिपणीसांनू. वायच धीर धरूचो लागता."

गमणा नाय म्हणजे करमत नाही, जीव रमत नाही. मी मनातल्या मनात या बाजारज्ञानाची नोंद घेतली. कुमुद त्या दिवशी लॉजवर परत येईपर्यंत गप्प होती. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

आणि मग सगुणाकाकींचं घर दाखवलं त्याने. सगुणाबाई धुरी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, सत्तरी कधीच ओलांडलेली, पण पाठीचा कणा माडासारखा. जांभ्या दगडाचं बसकं घर, वर मंगलोरी कौलं, समोर शेणाने सारवलेलं खळं, कोपऱ्यात जांभळीचं जुनं झाड. पुढच्या पडवीत मी सहज टेकलो आणि समोर बघितलं. टाकीवर चढायला नको, चवड्यांवर उभं राहायला नको. बसल्या बसल्या अख्खा समुद्र! मला तर भरूनच आलं. पाण्याचा नळसुद्धा उघडून बघितला नाही मी.

घर स्वस्तात जात होतं, कारण मुलगा घाईत होता. उल्हास विरारला नोकरी करायचा, भाड्याच्या खोल्या बदलून बदलून कावला होता. घर विकून तिथे स्वतःचा फ्लॅट घ्यायचा आणि आईला घेऊन जायचं, असा त्याचा सरळ बेत होता. माणूस वाईट नव्हता. काकींना मात्र जायचं नव्हतं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, फक्त कुमुदने विरारचा विषय काढला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "चौथ्या माळ्यार आसा म्हणे. थंय खळां नाय, माड नाय. दार उघडलां काय समोर दुसऱ्याचां दार."

मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, मुलाजवळ राहण्यासारखं सुख नाही काकी, औषधपाणी जवळ, नातवंडं जवळ. काकींनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. मी पडवीत खुर्ची कुठे ठेवायची ते पावलांनी मोजत बसलो. कुमुद काकींबरोबर मागीलदारी गेली आणि दोघी दुपार कलेपर्यंत तिथेच. परत आली ती हाताला आमसुलांचा लाल रंग घेऊन.

व्यवहार ठरला. काकींनी एकच अट घातली. जागेचा धनी बदलतोय, तर आधी राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं. तिकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. काकींचा जांभळीखाली होता, शेंदूर नसलेला एक काळा दगड. गावकार, म्हणजे गावचा मानकरी, गाऱ्हाणं म्हणतो, म्हणजे देवाला सगळी हकिगत तोंडी सांगतो, आणि जमलेले लोक मध्ये मध्ये 'व्हय म्हाराजा' म्हणून रुकार देतात. उल्हासला जरा लाज वाटली. मला मात्र हौस आली. ठाण्यात कोणाच्या व्यवहारात देव येतो? तिथे फार तर सोसायटीचा सेक्रेटरी येतो.

सत्यवानाने मला पढवलं. "गावकार थांबलो काय तुमी जोरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचां. तुमी नवे धनी. तुमचो आवाज राखणदाराक आयकाक येवक व्हयो."

आता आवाजाचं म्हणाल तर, मी ट्रंक कॉलच्या जमान्यातला माणूस. नागपूरशी बोलताना तार नसती तरी चाललं असतं, असं आमचे साहेब म्हणायचे.

गावकार म्हणजे तातू गावकर. काडीसारखा म्हातारा, खांद्यावर पंचा. दगडापुढे नारळ ठेवला, विडी ठेवली, डोळे मिटले आणि सुरू झाला. "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा राठीच्या म्हाराजा..." इथपर्यंत मला कळलं. पुढे तो असा काही सुटला की एक शब्द दुसऱ्याच्या पाठीवर बसून चालला होता. मग थांबला. कुमुदने मला कोपर मारलं.

"व्हय म्हाराजा!" मी ओरडलो.

जांभळीवरचे कावळे उडाले. तातूने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, त्याला ते पसंत पडलेलं दिसलं. पुन्हा डोळा मिटला, पुन्हा सुटला. मला मधूनच 'घर' ऐकू यायचं, 'चूल' ऐकू यायची, एकदा 'मागीलदार' ऐकू आलं. उल्हासचा फोन वाजला, तो रेंज शोधत कुंपणापलीकडे रस्त्यावर गेला. सत्यवान फाटकाशी उभा राहून दुसऱ्या कोणा गिऱ्हाइकाला हातवारे करत होता. तातू थांबला की कुमुदचं कोपर यायचं, कोपर आलं की मी ओरडायचो. शेवटी शेवटी तातू एकदा जास्तच वेळ थांबला आणि चक्क डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिला. कुमुदने असं कोपर हाणलं की बरगडी कळवळली.

"मोठ्याने," ती म्हणाली.

मी छाती भरून ओरडलो. पलीकडच्या वाडीतली दोन माणसं कोणाला साप चावला म्हणून बघायला आली. काकींनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, घर सोडायचं दुःख. मीही जरा हेलावलो आणि राखणदाराची विडी पेटवून द्यायचा मान मला मिळाला, तो खोकत खोकत पार पाडला.

खरेदीखत झालं. ठाण्याचा फ्लॅट गेला. पावसाळा सरल्यावर आम्ही टेंपोत संसार भरून शिरवंड्याला पोचलो. फाटकाशी उल्हास उभा होता, चेहरा लाल, पायाशी काकींची बॅग. बॅग रिकामी होती.

"काका, तुम्हीच सांगा तिला आता," तो म्हणाला. "परवापासून आलोय. हलायला तयार नाही. घर तुमचं आहे, तुमचं ऐकेल."

मी मागीलदारी गेलो. मागच्या अंगाला एक खोली होती, न्हाणीघराला लागून. तिथे काकींची बाज होती, बाजेखाली ट्रंक, कोपऱ्यात चूल, चुलीवर पेज रटरटत होती. काकी उंबऱ्यावर बसून नारळ सोलत होत्या. एका माणसाचा सगळा संसार त्या खोलीत व्यवस्थित मांडलेला.

मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "काकी, तयारी झाली ना?"

"खंयची?"

"विरारची."

"मी कित्याक जावची विरारक?" काकी म्हणाल्या. "तुमी राखणदाराक शब्द दिलास नाय?"

मी कुमुदकडे बघितलं. ती टेंपोवाल्याला कपाट तिरकं धरायला सांगत होती.

तातू गावकराला बोलावणं गेलं. तो आला तो पंचा झटकतच, साक्षीला आलेल्या माणसाच्या तोऱ्यात. त्याच्यामागून अर्धी वाडी आली. या वेळी तो सावकाश बोलला, माझ्यासाठी.

"मी म्हटलंय, 'जाग्याचो धनी बदलता हा, पण मागीलदारची खोली सगुणाचीच रवतली, ती जिती आसा तवसर.' तुमी काय म्हटलास?"

मागून वाडीतली दोन पोरं माझ्या आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" लोक हसले.

"मी म्हटलंय, 'एका चुलीर पेज शिजली तर दुसऱ्याक वाडूची.' तुमी काय म्हटलास?"

काय म्हटलं ते कावळ्यांनीसुद्धा सांगितलं असतं.

"आनि तिसरां..." तातू सांगू लागला, पण उल्हास मध्येच भडकला. हे कायद्यात बसत नाही, खरेदीखतात असलं काही नाही, लोक म्हणतील आईला घरासकट विकली! बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. म्हणाला, तिच्यासाठी खिडकीजवळची जागा ठेवलीय मी तिकडे. काकी उठल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, मी येईन की रे मे महिन्यात आंबे घेऊन.

मी कुमुदला पुढच्या पडवीत नेलं. समोर समुद्र होता, पण मला कसला दिसतोय! आयुष्यभराची मिळकत ओतून घर घेतलं, आणि त्यात पोटभाडेकरू नव्हे, फुकटभाडेकरू. मी म्हटलं, कायद्याने मी त्यांना आज बाहेर काढू शकतो. ती म्हणाली, शकता.

"तुला कळत होतं तो काय बोलतोय ते?"

"ठाण्यात मालवणच्या राणेवहिनींच्या शेजारी बावीस वर्षं काढली मी. शब्द न् शब्द कळत होता."

"मग मला कोपरं का मारत होतीस?"

"तुमचा आवाज मोठा आहे म्हणून."

माझा संताप संताप झाला. म्हटलं, म्हणजे त्या दिवशी आमसुलं वाळवता वाळवता हा कट केलात तुम्ही दोघींनी. ती नाही म्हणाली नाही. टेंपोतून उतरवलेल्या आमच्या दोन वेताच्या खुर्च्या तिने समुद्राकडे तोंड करून शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकीवर बसली.

"तीन घरं बघितली आपण," ती म्हणाली. "तुम्ही नळ बघितलेत. खुर्च्या बघितल्यात का हो? सगळीकडे दोन होत्या. बसायला माणूस एक." आणि मग जरा थांबून म्हणाली, "त्या प्राध्यापकांनी तीनदा चहा का दिला, तुम्हाला कळलं नाही. मला भीती वाटली."

स्वतःसाठी की माझ्यासाठी, हे तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं, पण समोरच्याने फोन ठेवल्यावरच मला बोलणं कळायचं.

वाडीतली माणसं खळ्यात वाट बघत होती, उल्हास रिकाम्या बॅगेवर बसला होता. मग मी घरातून चालत मागीलदारी गेलो. काकी चुलीपुढे, पाठमोऱ्या.

"काकी," मी म्हटलं, "पेज आहे का?"

"आसा," त्या वळल्यासुद्धा नाहीत. "मीठ तुमीच घालून घेवा."

झालं. असा आमच्या घराचा ताबा आम्हाला मिळाला.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगायला बसलो तर ही गोष्ट संपायची नाही. काकींनी मला बांगडा आणि बायको दोन्ही नीट ओळखता येत नाहीत असं जाहीर केलं आणि ते मत कधी बदललं नाही. कुमुद आणि त्या माझ्या देखत मालवणीत बोलायच्या, मला कळू लागल्यावर आणखी भरभर बोलायच्या. काकी पुढच्या पडवीत मात्र कधी येऊन बसल्या नाहीत. आपलं मागीलदार बरं, पुढचं तुमचं, असा त्यांचा हिशेब. दर मे महिन्यात विरारला जायच्या आणि आठवड्यात परत यायच्या. आणि समुद्रापुढे दोन खुर्च्या, त्यावर आम्ही दोघं. सत्यवान जाता येता फाटकातून ओरडून नवा भाव सांगायचा. आम्ही हसायचो.

मी मनाशी धरून चाललो होतो की आधी काकी, मग मी, मग कुमुद. वयाप्रमाणे. पण देवाकडे रांग नसते. कुमुद गेली. काही फार दुखणं नाही, दिवाळीचा फराळ करून झाला आणि गेली.

दिवसकार्य उरकलं. सिंगापूरहून आलेली आमची मुलगी 'बाबा, तिकडे चला' म्हणून रडून परत गेली. आणि एका सकाळी सत्यवान आला. या वेळी मोटार घेऊन, पण मोटार त्याने लांब ठेवली, चपला खाली काढल्या. माणूस धंद्यातला, पण वाईट नाही. मुंबईचा कोणी रिसॉर्टवाला आहे म्हणाला. भाव सांगितला. त्या भावात ठाण्याला दोन फ्लॅट आले असते.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "एकटे हयसर काय करतलास, टिपणीसांनू? तुमका गमाचां नाय."

त्याचं काही चुकत नव्हतं. एवढी वर्षं त्या किनाऱ्यावर त्याने हेच बघितलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला खरंच गमत नव्हतं. मी समुद्राकडे बघतच नव्हतो. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर मी वर्तमानपत्रं ठेवायला लागलो होतो. 'बघूया', असं म्हणायला मी तोंड उघडलं.

आतून पावलं वाजली. काकी आता पार वाकल्या होत्या, भिंतीला हात धरत चालायच्या. एका हातात पेजेचा वाडगा. तो माझ्यापुढे ठेवला. मग खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली, खाली टाकली, आणि घर विकल्यापासून पहिल्यांदा पुढच्या पडवीत बसल्या. कुमुदच्या खुर्चीत.

"एकटो खंय आसा तो?" त्यांनी सत्यवानाला विचारलं.

सत्यवान काहीतरी पुटपुटला. काकींचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, जांभळीच्या दिशेने हात जोडले आणि तातू गावकराच्या चालीवर सुरुवात केली. तातू जाऊन वर्षं झाली होती, पण चाल तीच.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरात जो कोण मागे रवात, तेका दुसऱ्यान एकटां टाकूचां नाय..."

ते तिसरं. उल्हासच्या ओरडण्यात राहून गेलेलं. ज्याच्यासाठी माझी बरगडी मोडायची वेळ आली होती.

काकी थांबल्या. तातू थांबला होता तेवढाच वेळ. कोपर मारायला कोणी नव्हतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. वाडग्याकडे बघत, हळूच.

काकींनी एक डोळा उघडला.

"आयकाक येवक नाय," त्या म्हणाल्या. "मोठ्यान."

मी मोठ्याने म्हणालो. जांभळीवरचे कावळे उडाले, सत्यवानाने उठून चपला पायात घातल्या, आणि पेज निवायच्या आत मी वाडगा हातात घेतला. मीठ घातलेलं होतं.